पातळ डिस्प्लेतला आवाज: वॅट नको, लिटर मागा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीतल्या तरुण इंजिनिअरने विचारलंय. ते शाळांसाठी ४३ इंची एलसीडी डिस्प्ले बनवतात. वरचा भाग जेमतेम १२ मिलिमीटर जाड, खाली बोर्ड बसवलेला फुगवटा ४८ मिलिमीटर. त्या फुगवट्यात खाली तोंड केलेले १० वॅटचे दोन स्पीकर, पुरवठादाराकडून तयार बंद बॉक्ससकट आलेले, एका बॉक्समध्ये १५० मिलिलिटर हवा. शिक्षक म्हणतात शब्द कळत नाहीत, मालक म्हणतात बास नाही, आणि सगळ्यांचं एकमत की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. १५ वॅटचे स्पीकर लावून पाहिले. आवाज मोठा झाला, डबा तसाच राहिला. "तर कोणत्या कंपनीचा स्पीकर घेऊ?"

माझं पहिलं उत्तर: निदान आत्ता तरी कुठलाच घेऊ नका. मी २२ वर्षं टीव्ही आणि डिस्प्लेच्या आवाजाचंच काम करतोय, आणि नुसता स्पीकर बदलून डबा गेलेला मी दोन-तीनदाच पाहिला असेल. तुमची खरी अडचण वेगळी दिसते. स्पीकरच्या मागे हवा किती आहे, पुढे आवाजाला बाहेर पडायची वाट कशी आहे, आणि स्पीकर कशाला आवळलाय, या तीन गोष्टींत ती आहे. या तिन्हींचा निकाल स्पीकर निवडण्याच्या कितीतरी आधी लागतो, मेकॅनिकल डिझाइनवाल्याच्या स्क्रीनवर. आणि तिथे आवाजाकडून बोलणारं कोणी बसलेलंच नसतं.

लहानपणी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्याने टेपरेकॉर्डरचा सुटा स्पीकर एका मडक्याच्या तोंडावर बसवला होता. त्यातून डग्गा असा घुमायचा की लोक चहा संपला तरी उभे राहायचे. तोच स्पीकर मडक्यावरून उचलून हातात धरला की किरकिरा. कारण सोपं आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मधे आडोसा नसेल तर पुढची हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि बेरीज शून्याकडे जाते. वरच्या सुरांच्या लहरी आखूड, म्हणून ते वाचतात. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब. तिला दहा सेंटिमीटरचा वळसा म्हणजे काहीच नाही. मडकं हा आडोसा देतं. आणि त्याहून मोलाची गोष्ट देतं ती म्हणजे सात-आठ लिटर हवा.

तुमच्या बॉक्समध्ये १५० मिलिलिटर आहे. म्हणजे दोन कटिंग.

आता कोनाला किती हलावं लागतं ते बघू. धरून चालू की दोन्ही स्पीकरच्या कोनांचं मिळून क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे, सेट भिंतीला लागून आहे, आणि एक मीटरवर ८५ डेसिबल हवेत. २०० हर्ट्झला कोन मधल्या जागेपासून एका बाजूला साधारण ०.३३ मिलिमीटर हलला की पुरे. १०० हर्ट्झला १.३ मिलिमीटर लागतात. ५० हर्ट्झला ५.३. एक सप्तक खाली उतरलं की हालचाल चौपट, असा हा क्रूर हिशेब आहे. पातळ सेटमध्ये बसणारे स्पीकर दीड-दोन मिलिमीटरपलीकडे गेले की कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, चुंबकाच्या पट्ट्यातून बाहेर पडू लागते आणि आवाज फाटतो. मूव्हिंग कॉइलचा आजचा स्पीकर अमेरिकन इंजिनिअर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला, तेव्हापासून हा हिशेब बदललेला नाही आणि बदलणारही नाही. तेव्हा मालकांना आत्ताच सांगून ठेवा: या जाडीत ५० हर्ट्झ विसरा, १२० ते १५० हर्ट्झपर्यंत नीट पोचलो तरी बाजी मारली.

पण तुम्ही तिथेही पोचत नाही आहात, ते हवेमुळे. बंद बॉक्समधली हवा ही स्प्रिंग असते. बॉक्स जितका लहान तितकी ती कडक, आणि कडक स्प्रिंग स्पीकरचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप घुमतो तो सूर, वर ढकलते. तुमच्या स्पीकरची डेटाशीट माझ्याकडे नाही, म्हणून या आकाराच्या स्पीकरचे नेहमीचे आकडे घेतो: उघड्यावर रेझोनन्स ११० हर्ट्झ, सस्पेंशनइतकीच (कोनाला धरणाऱ्या लवचिक कडेइतकीच) कडक हवा म्हणजे ०.९ लिटर, आणि एकूण क्यू, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा, ०.६. हा स्पीकर १५० मिलिलिटरमध्ये कोंबला की रेझोनन्स २९० हर्ट्झवर जातो. ६०० मिलिलिटर दिलेत तर १७५ हर्ट्झवर थांबतो. तोच स्पीकर, तोच अँप्लिफायर, तेच वॅट. स्पीकर आणि बॉक्सचा हिशेब बसवणाऱ्या थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांची ही गणितं आहेत, साध्या एक्सेलमध्ये होतात.

आणि आता डबा. लहान बॉक्समध्ये नुसता बास जात नाही, रेझोनन्सपाशी टेकडी उभी राहते. वरच्याच आकड्यांनी १५० मिलिलिटरच्या बॉक्समध्ये क्यू १.६ होतो आणि ३२५ हर्ट्झच्या आसपास जवळपास साडेचार डेसिबलची टेकडी येते. ६०० मिलिलिटरमध्ये ती एक डेसिबलवर येते. ३०० ते ४०० हर्ट्झची फुगलेली पट्टी आणि तिच्याखाली काहीच नाही, याला आपला कान 'डब्यातला आवाज' म्हणतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीचा आवाज बरा होता असं लोक म्हणतात ते उगाच नाही. पिक्चर ट्यूबसाठी पेटी हात-दीड हात खोल करावीच लागायची, स्पीकरला हवा फुकट मिळायची, आणि तोंडही प्रेक्षकाकडे असायचं.

मग हवा आणायची कुठून? तुमच्या ४८ मिलिमीटरच्या फुगवट्यातून प्लॅस्टिकच्या भिंती आणि मोकळी जागा वजा केली तर आत ४० मिलिमीटर खोली उरते. फुगवट्याची उंची ९० मिलिमीटर धरली आणि पॉवर सप्लायच्या बाजूला ३०० मिलिमीटर लांबी मोकळी केली, तर ते आकारमान एक लिटरहून थोडं जास्त होतं. त्यातून बॉक्सच्या भिंती, स्क्रू बसणारे खांब आणि स्पीकरचं स्वतःचं धड काढलं तरी एका स्पीकरसाठी ६०० मिलिलिटर हमखास उरतात. पुरवठादाराचा तयार बॉक्स सोडा आणि त्या पोकळीच्या आकाराचा, वेडावाकडा का असेना, स्वतःचा बॉक्स करा. हवेला आकाराची फारशी फिकीर नसते, २०० हर्ट्झला तर नाहीच. एल आकार चालतो, बोर्डाखालून गेलेली चपटी शेपटी चालते. फक्त मोठ्या सपाट भिंतींना आतून आधाराच्या उभ्या पट्ट्या (रिब) द्या, नाहीतर भिंतच स्पीकर होऊन बसते.

इथे मेकॅनिकलवाले एक आमिष दाखवतील: "सेटची अख्खी मागची पोकळीच बॉक्स म्हणून वापरू, पाच-सहा लिटर मिळतील." मी हे करून हात पोळून घेतलेत. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आम्ही तसंच केलं. पोकळीला हवा खेळायला जाळ्या, जाळ्यांमधून गळती, आणि आतल्या प्रत्येक सुट्या गोष्टीला स्पीकरची मागची लहर हलवणार. एका सेटमध्ये १८० हर्ट्झच्या आसपास भणभण यायची. तीन दिवस शोधलं. बोर्ड काढून पाहिले, बॅकलाइटच्या शीट दाबून पाहिल्या, रिबन केबलला टेप लावल्या. चौथ्या दिवशी साफसफाईला आलेल्या मावशींनी सेटच्या मागून फडका फिरवला आणि आवाज थांबला. फडका काढला, परत सुरू. मागच्या जाळीवर सिरियल नंबरचं लेबल अर्धं चिकटलेलं होतं आणि उरलेली अर्धी बाजू पिपाणीच्या पानासारखी वाजत होती. तेव्हापासून मी स्पीकरला स्वतंत्र, हवाबंद बॉक्स मागतो आणि त्यावर वाद घालत नाही.

हवाबंद म्हणजे खरंच हवाबंद. दोन अर्धे भाग नुसते स्क्रूने आवळून भागत नाही. अल्ट्रासॉनिक वेल्डिंग किंवा खाचेत गोंद लागतो, आणि वायर बाहेर येते त्या भोकात सील. तपासायला महागडं काही नको. साउंड कार्ड, एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन इम्पिडन्सचा, म्हणजे दर सुराला स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचा, आलेख काढा. बंद बॉक्सचा एकच उंच, टोकदार सुळका दिसतो. गळती असेल तर तो बुटका आणि रुंद होतो, कधी दुसरं शिखर डोकावतं. दहा बॉक्स तपासा. दहाही सारखे आले तर प्रक्रिया ठीक आहे.

पोर्टचा, म्हणजे बास वाढवायला बॉक्समधून बाहेर उघडणाऱ्या नळीचा, मोह होईल. ६०० मिलिलिटरच्या बॉक्सला ११० हर्ट्झवर ट्यून करायचं तर २ चौरस सेंटिमीटर तोंडाची साधारण ८ सेंटिमीटर लांब नळी लागते. बसते म्हणा. पण वर धरलेल्या ८५ डेसिबललाच तिच्यातून हवा सेकंदाला साडेनऊ मीटर वेगाने ये-जा करते, आवाज सहा डेसिबल वाढवला की १९ मीटर, आणि मग नळी फुरफुरते. तोंड मोठं करा, तर लांबी त्याच पटीत वाढते. पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे कॉइल आणि चुंबक नसलेला वजनदार पडदा, फुरफुरत नाही आणि पातळ असतो. दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी मी तोच घेईन. तुमच्या शाळेच्या सेटसाठी नको. खर्च वाढतो, आणि बासची गरज तिथे किती आहे यावर मी पुढे येतो.

आता पुढची वाट. लोक मागच्या हवेवर बोलतात आणि पुढची विसरतात, आणि शब्द न कळण्याचं मूळ बहुतेक वेळा पुढेच असतं. तुमचा स्पीकर कव्हरच्या आत बसलाय आणि त्याचा आवाज खालच्या फटीतून बाहेर येतो. कोनासमोरची छोटी पोकळी आणि तिची फट मिळून एक शिट्टी तयार होते, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. ६० बाय ४ मिलिमीटरची फट, तिची परिणामी खोली ८ मिलिमीटर आणि मागे ५ घन सेंटिमीटर पोकळी असेल तर ही शिट्टी ४.२ किलोहर्ट्झवर बसते. पोकळी २० घन सेंटिमीटर झाली की ती २.१ किलोहर्ट्झवर उतरते. त्या ठिकाणी आवाज टोचतो, आणि वाईट म्हणजे त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरत जातं, सप्तकामागे १२ डेसिबल.

वर नेमकं काय असतं? व्यंजनं. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, आणि ते बहुतेक एक-दीड किलोहर्ट्झच्या खाली आटोपतात. अर्थ मात्र स, श, च, ट, ठ, थ यांच्या बारीक फुसकाऱ्यांत आणि टिचक्यांत असतो, आणि त्यांचा मोठा भाग दोन किलोहर्ट्झच्या वर, तोही स्वरांपेक्षा कितीतरी अशक्त. तुमच्या सेटवर गणिताचा व्हिडिओ लावला आणि 'सात' ऐकू आलं की 'साठ', असा प्रश्न शेवटच्या बाकावरच्या मुलाला पडत असेल तर त्याचं कारण बास नाही. कारण ती फट आहे.

म्हणून कोन फटीच्या शक्य तितका जवळ आणा, पुढची पोकळी ४-५ घन सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, फट कोनाइतकी लांब करा आणि तिची खोली कमी ठेवा. शिट्टी पाच किलोहर्ट्झच्या वर गेली की बोलण्याला तिचा त्रास होत नाही. स्पीकरची कड आणि कव्हर यांच्यामध्ये फोमची गॅस्केट हवी, आणि ती नीट दाबली जायला हवी. ती नसेल तर अर्धा आवाज फटीतून बाहेर जाण्याऐवजी सेटच्या आत शिरतो आणि तिथल्या जाळ्यांतून उशिरा बाहेर येतो. कव्हरच्या आत पाच मिलिमीटरची मोकळी जागा आणि वरून छान जाळी, असे सेट मी कित्येक पाहिलेत. बाहेरून काही कळत नाही.

खाली तोंड केलेल्या स्पीकरबद्दल: तो टेबलावर चालतो, कारण टेबल आवाज परतवून पुढे पाठवतं. तोच सेट भिंतीवर टांगला की खाली परतवायला काहीच नसतं, आणि कोनाच्या बाजूने ऐकायला मिळतं तेवढंच हाती लागतं. वरचे सूर समोरच जातात, बाजूला वळत नाहीत. शाळेत सेट भिंतीवरच असणार. तेव्हा स्पीकर पुढे तोंड करता येत असेल तर कराच, खालच्या पट्टीत १२-१५ मिलिमीटर जागा मिळाली तरी अरुंद लंबगोल स्पीकर बसतो. इंडस्ट्रियल डिझाइनवाल्याने पट्टी द्यायला साफ नकार दिला तर फटीखाली ४५ अंशांचा उतार द्या, आवाज पुढे वळवणारा. तेही नाही जमलं तर पुढच्या पट्टीत नुसता एक २० मिलिमीटरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, प्रत्येक बाजूला. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एक नॉन-पोलर कपॅसिटर लावला की तो चार किलोहर्ट्झच्या आसपासून वरचं सांभाळतो. व्यंजनं समोरून आली की आवाजही पडद्यातून आल्यासारखा वाटतो, हा वरचा फायदा.

राहिलं आवळणं. कोन जितक्या जोराने हवा ढकलतो तितक्याच जोराने चुंबक मागे ढकललं जातं, आणि ते बॉक्समार्फत सेटच्या पत्र्यात जातं. बॉक्स सरळ चॅसिसला स्क्रू करू नका. रबराच्या कड्या (ग्रोमेट) आणि खांद्याचे स्क्रू वापरा, म्हणजे कितीही आवळलं तरी रबर चिरडलं जात नाही. असेंब्ली लाइनवरचे लोक इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हरने रबराची चकली करतात, हे गृहीत धरूनच डिझाइन करायचं. वायर फोम टेपने बांधा. मग बंद सेटवर ८० ते १००० हर्ट्झचा सूर सावकाश फिरवा, पूर्ण आवाजावर, आणि कान लावून फिरा. हे काम मायक्रोफोनला जमत नाही. पंचवीस डेसिबल खाली असलेली खरखर आलेखात दिसत नाही आणि कानाला मात्र सोडत नाही.

इथवरचं एका दमात: एका स्पीकरला ६०० मिलिलिटरचा हवाबंद बॉक्स, पुढची पोकळी चार-पाच घन सेंटिमीटर आणि गॅस्केट, तोंड किंवा निदान व्यंजनं प्रेक्षकाकडे, आणि रबरावर बैठक. एवढं झाल्यावर ईक्यू, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझर, उघडायचा. त्याआधी नाही.

ईक्यूबद्दल माझं मत थोडं कडक आहे. रेझोनन्सची टेकडी कापायला तो उत्तम आहे, आणि कापणं स्वस्त असतं. चढवणं महाग. १०० हर्ट्झला १२ डेसिबल चढवले म्हणजे तिथे सोळापट ताकद मागितली. १० वॅटच्या अँप्लिफायरमध्ये बाकीच्या आवाजासाठी उरतो ०.६ वॅट, आणि कोनाची हालचाल चौपट. मालकांच्या केबिनमध्ये हळू आवाजात ऐकवताना ते झकास वाटतं. वर्गात आवाज वाढवला की लिमिटर, म्हणजे मर्यादेपलीकडचा आवाज दाबणारी सोय, आवळतो आणि प्रत्येक ढोलाच्या ठोक्याबरोबर शिक्षिकेचा आवाज बुडतो. म्हणून उलट करा: १२० हर्ट्झच्या खाली कापून टाका. कोनाची जी हालचाल वाचते ती बोलण्याच्या कामी येते. लिमिटर निदान दोन पट्ट्यांचा घ्या, खालची पट्टी वेगळी, म्हणजे बास दाबला गेला तरी शब्द दबत नाहीत. आणि ईक्यूची सेटिंग दोन ठेवा, टेबलासाठी एक, भिंतीसाठी एक. दोन्ही मोजताना सेट खरंच टेबलावर आणि खरंच भिंतीवर हवा.

बास नाही म्हणून मालक नाराज असतील, तर एक युक्ती आहे. फोनवर बाबांचा आवाज तुम्हाला जाड वाटतो ना? पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० हर्ट्झचा, आणि जुनी टेलिफोन लाइन ३०० हर्ट्झच्या खालचं काही नेतच नव्हती. मेंदू वरच्या सुरांच्या अंतरावरून गायब मूळ सूर स्वतःच भरतो. यावर चालणारे अल्गोरिदम बहुतेक ऑडिओ चिपमध्ये असतात: १०० हर्ट्झ वाजवण्याऐवजी २००, ३००, ४०० वाजवतात. चिमूटभर वापरा. जास्त झालं की पुरुषाचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, आणि तुमच्या सेटवर पुरुष शिक्षकही बोलणार आहेत.

वॅटचा हिशेबही सांगून टाकतो, कारण १५ वॅटने फरक का पडला नाही ते त्यात आहे. अशा स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर साधारण ८० डेसिबल मिळतात. १० वॅटला ९०, दोन्ही मिळून ९३ च्या आसपास. १५ वॅट म्हणजे त्यावर पावणेदोन डेसिबल, बस. सात मीटरवरच्या शेवटच्या बाकापर्यंत मोकळ्या मैदानातही १७ डेसिबलच घटतात, वर्गात भिंती मदत करतात म्हणून त्याहून कमी. वॅट पुरेसे आहेत. उलट पातळ स्पीकरचं चुंबक लहान, उष्णता जायला जागा नाही. कॉइल १०० अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास ४० टक्के वाढतो आणि दिलेले वॅट तसेही कोनापर्यंत पोचत नाहीत.

कुणीतरी तुम्हाला पडदाच स्पीकर करा असंही सुचवेल. सोनीने २०१७ मध्ये ओएलईडी टीव्हीत ते करून दाखवलं, पडद्यामागे कंपक लावून, आणि बोलणं खरोखर ओठांतून येतं. पण ओएलईडीचा पडदा एकसंध पातळ असतो. तुमच्या एलसीडीच्या काचेमागे बॅकलाइटच्या सुट्या शीटचा थर आहे; तो हलवलात तर पापडांची चळत हलवल्यासारखा वाजेल. आणि सोनीलाही बाससाठी मागच्या स्टँडमध्ये वेगळा सबवूफर द्यावाच लागला होता.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत. शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, पत्र्याचं किंवा स्लॅबचं छप्पर आणि वर गरगरणारे दोन पंखे, अशा वर्गात खालचे सूर घुमत राहतात आणि पुढच्या शब्दावर सांडतात. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात लहान वर्गाचा घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय; आपल्या मोकळ्या वर्गांत टाळी वाजवून बघा, मोजायची गरज पडणार नाही. म्हणूनच म्हणतो, शाळेच्या सेटला बास कमी असणं फारसं दुखत नाही. तिथे १५० हर्ट्झच्या खालचं जितकं कमी तितके शब्द स्वच्छ.

चाचणीही त्याच वर्गात घ्या, आणि गाणी लावून घेऊ नका. एखाद्या शिक्षिकेकडून शब्द रेकॉर्ड करून घ्या: सात, साठ, ताट, थाट, पाट, पाठ, कान, खान, गाल, गाळ, पाच, पास. क्रम विस्कटून वाजवा, पंखे पूर्ण वेगाने चालू ठेवा, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांना ऐकलं ते लिहायला सांगा. आधी जुन्या सेटवर, मग नव्या. मुलं लिहितात ते मालकांना दाखवा. आम्ही एकदा असं केलं तेव्हा आमच्या सेल्सच्या साहेबांनी स्वतः बाकावर बसून 'पाठ'च्या जागी चार वेळा 'पाट' लिहिलं, आणि पुढच्या पट्टीतले १२ मिलिमीटर त्याच संध्याकाळी मंजूर झाले.

शेवटचा प्रश्न माझा तुम्हाला: मागच्या कव्हरचा मोल्ड कापून झालाय का? झाला असेल तर वाटाघाटी बोर्डाच्या जागेवर आणि मोल्डचा सुटा तुकडा (इन्सर्ट) बदलून फट सुधारण्यावर येतात. बॉक्स ३००-३५० मिलिलिटरचा बसला तरी घ्या, टेकडीची उंची निम्म्याच्या आसपास येईल आणि उरलेली ईक्यूने कापता येईल. मोल्ड अजून कापला नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी टूलरूमला फोन लावा आणि आठवडाभर थांबायला सांगा. डेटाशीट आणि फुगवट्याचं ड्रॉइंग पाठवलंत तर बॉक्सचे नेमके आकडे मी काढून देईन.